गाल तुहा, निशाणी माही

“कोणी इचारलं त गोट लागली म्हणजो. झाडाचं नाव तोंडातून काढशील त माह्याशी गाठ आहे.”

आईला जाऊन बारा वर्षं झाली, पण तिचा हा आवाज काही गेला नव्हता. नलिनी सकाळी देवापुढे बसायच्या आधी आरशात बघून कुंकू लावायची, तेव्हा तो नेमका यायचा. कारण कुंकवाच्या खाली डावा गाल दिसायचा, आणि डाव्या गालावर तो व्रण. डोळ्याच्या कोपऱ्यापासून निघालेला, विळ्यासारखा वाकून ओठापाशी येऊन थांबलेला.

खरी गोष्ट अशी होती. पांढुर्ण्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार असते. जाम नदीच्या पात्रात मधोमध पळसाचं झाड रोवतात, अलीकडून पांढुर्ण्याचे आणि पलीकडून सावरगावचे लोक एकमेकांवर गोट, म्हणजे दगड, मारतात, आणि हे सगळं चंडीमातेच्या नावानं. नलिनी तेव्हा नऊ वर्षांची. घरचे सगळे गोटमार बघायला नदीकडच्या शेठच्या गच्चीवर गेले, तशी ही शेजारच्यांच्या पेरूच्या झाडावर चढली. गोटमार बघायला नव्हे, पेरू खायला. फांदी मोडली. खाली टिनाचा पत्रा होता.

दवाखान्यात त्या दिवशी फुटलेल्या डोक्यांची रांग लागलेली. कंपाउंडरनं मान वर न करता रजिस्टरात ‘गोटमार’ लिहिलं आणि सात टाके घातले. आईच्या जिवात जीव आला. पोरगी झाडावर चढते, तेही चोरून पेरू खायला, हे सांगण्यापेक्षा गोट लागणं कितीतरी इज्जतीचं. गोट लागलेल्याच्या जखमेला लोक देवीचा अंगारा लावतात. पेरू चोरणारीला कोण लावणार?

एवढ्यावर भागलं असतं, पण तिसऱ्या दिवशी दारात सावरगावचा एक एकोणीस वर्षांचा पोरगा येऊन उभा राहिला. हातात नारळ, डोळे रडून सुजलेले. त्याला गावात सगळे भैय्याजी म्हणत. आल्या आल्या त्यानं आईच्या पायांवर डोकं ठेवलं.

“मावशी, माह्या हातून एक गोट लय उंच गेली होती. कुठी पडली ते दिसलंच नाही. काल ऐकलं, लहान पोरीच्या गालाले लागली म्हणून. ते मीच.”

आईनं नलिनीकडे बघितलं. नलिनीनं पट्टी बांधलेलं तोंड खाली घातलं. तेव्हा एक वाक्य बोललं असतं तर सगळं तिथंच संपलं असतं. पण दोघींच्या तोंडून ते वाक्य निघालं नाही, आणि त्या दिवसापासून नलिनीला भाऊ मिळाला. सख्खा तिला नव्हताच.

भैय्याजींनी त्या दिवशी चंडीमातेपुढे गोटमार सोडली. सावरगावच्या तरण्या पोरानं गोटमार सोडायची म्हणजे काय, हे सावरगावातच राहून बघावं. दर गोटमारीला पोरं त्यांच्या दाराला बांगड्या अडकवून जायची. भैय्याजी त्या बांगड्या सोडवून शेजारच्या पोरींना वाटायचे आणि दिवसभर दार लावून बसायचे. नलिनीच्या लग्नात नवरदेवाचा, विजयरावांचा कान त्यांनीच पिळला, आणि असा पिळला, की विजयराव आजही न ऐकण्याचं कारण तेच सांगतात. नलिनी सौंसरला नांदायला आली, तरी दर राखीला आणि दर भाऊबीजेला भैय्याजी आलेच. येताना त्यांच्या बायकोनं, शकुबाईनं निवडलेली साडी. आल्यावर आधी पाणी नाही, चहा नाही. आधी नलिनीच्या गालावरच्या व्रणाला बोट लावायचं, मग ते बोट स्वतःच्या कानाला लावायचं.

“दुखते काय वं बाई?”

“नाही दादा.”

मग पाणी.

पंचेचाळीस वर्षं हेच. नलिनीनं त्या एका खोट्याची भरपाई म्हणून आठवड्याचे वार एकेक करून देवाच्या नावे केले होते. सोमवारी महादेवासाठी संध्याकाळच्या पूजेपर्यंत मौन. मंगळवारी एकभुक्त. बुधवारी मीठ नाही. गुरुवारी पोथीचा अध्याय. शुक्रवारी आंबट नाही. शनिवारी जामसावळीच्या मारुतीचं दर्शन, पावसात सुद्धा. रविवार तेवढा मोकळा होता, आणि त्या दिवशी तिला करमत नसे. कोणाशी चढ्या आवाजात बोलणं नाही, कोणाची निंदा नाही. पण हे एवढं सगळं करूनही सकाळी आरसा यायचाच.

म्हणून श्रुतीनं लेझरची गोष्ट काढली, तेव्हा नलिनी चटकन हो म्हणाली, याचं घरात सगळ्यांना नवल वाटलं. श्रुती तिची मुलगी, नागपुरात एका त्वचेच्या डॉक्टरणीकडे कामाला. मार्गशीर्षात तिचं लग्न होतं.

“आई, माझ्या लग्नाच्या फोटोत तू अख्खी पाहिजेस. प्रत्येक फोटोत तुझा एकच गाल असतो.”

“जाईल काय गं पूर्ण?”

“पूर्ण नाही जात, जुना आहे. पण पुसट होईल. चारपाच वेळा करावं लागेल, महिन्या-महिन्यानं.”

नलिनीच्या मनात फोटो नव्हता. तिच्या मनात सरळ हिशोब होता. खोटं गालावर लिहिलेलं आहे. लिहिलेलं पुसलं, की खोटं गेलं. कोणाला काही सांगायला नको, कोणाचं मन मोडायला नको. देवाला चालत असेल तर मशीननं का होईना.

चैत्रात पहिला लेझर झाला. डॉक्टरणीनं गाल बधिर करायचं मलम काढलं, तेव्हा नलिनीनं हळूच विचारलं, “आज एकादशी आहे. गालानं घेतलेलं उपासाले चालते काय?” डॉक्टरणीनं थोडा विचार करून सांगितलं, गिळायचं नसल्यामुळे चालतं. डोळ्यांवर चष्मा बसवला, टकटक आवाज झाला, कापूर जळाल्यासारखा वास आला. चार दिवस गाल लाल, मग गव्हाच्या कोंड्यासारखी खपली, मग ती गेली. बजावून सांगितलं होतं, ऊन लागू द्यायचं नाही. नलिनी शनिवारी जामसावळीला पांढरं मलम थापून, वर छत्री धरून जायची. पुजाऱ्यानं दोनदा विचारलं, नवीन नवस आहे काय म्हणून.

चार लेझर झाले. आषाढ संपेपर्यंत विळा पुसट होत होत पेन्सिलची रेघ झाला.

राखीला भैय्याजी आले. बोट पुढे केलं आणि ते हवेत थांबलं. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला.

“उजेडात ये जरा.”

नलिनी खिडकीपाशी गेली.

“कुठी गेला?”

“कमी झाला दादा. लेझर केला.”

“मले न इचारता?”

“दादा, गाल त माहा आहे.”

“गाल तुहा आहे, निशाणी माही आहे!” भैय्याजी पाटावर बसले ते उठेचनात. “पंचेचाळीस वर्षं सांभाळली म्या. उद्या कोणी म्हटलं, तू कोण तिचा? तर काय दाखवू? माहं आधारकार्ड?”

विजयराव सौंसरच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. ते समजुतीनं म्हणाले, “भैय्याजी, नातं काय गालावर असते?”

“माहं तिथंच होतं,” भैय्याजी म्हणाले.

राखी बांधून घेतली, पण ओवाळताना त्यांचे डोळे गालावरच होते, आणि पाणी न पिताच गेले.

ही गोष्ट सावरगावात पोचायला एक बस पुरली. तिसऱ्या दिवशी भाऊराव आले. नलिनीनं त्यांना याआधी कधी पाहिलेलं नव्हतं. सावरगावचेच, विजेच्या खात्यातून लाइनमन म्हणून रिटायर झालेले, उजवा गुडघा धरून चालणारे. त्यांनी खुर्चीत बसता बसताच सांगितलं, “बाई, ते गोट भैय्याची नव्हतीच. ते माही.”

विजयरावांच्या हातातला चहा तसाच राहिला.

“म्या तवा तिथंच होतो, त्याच्या बाजूले. भैय्याले काय फेकता येत होतं? त्याची गोट पाण्यातच पडे. माह्या गुडघ्याले आता दहा वर्षं झाली, काही केल्या दुखायचा राहून नाही राहिला. एका जाणत्यानं सांगितलं, कोण्या बाईच्या रक्ताचा दोष आहे. माफी माग, बहीण मान, लुगडं ने. इतके दिवस मले वाटलं भैय्यानं घेतला दोष तर घेऊ दे. पण आता निशाणीच चालली म्हणते लोक. ते जायच्या आधी फैसला व्हायला पाहिजे.”

भैय्याजींना हे कळलं, तसे ते पुढच्याच बसनं आले. मग त्या घरात जे सुरू झालं, ते नलिनीच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. दोन म्हातारी माणसं एका पापासाठी भांडत होती.

“पाप माहं आहे!”

“तुहं काऊन? फेकली म्या!”

“मंग पंचेचाळीस वर्षं कुठी होता? आता गुडघा दुखते तर पाप आठवलं?”

“तू त बहीण फुकटात घेऊन बसला!”

“फुकटात? पन्नासवर लुगडी झाली असतील!”

शेवटी विजयरावांनीच तारीख दिली. पोळ्याच्या आधीचा सोमवार. शेवटचा लेझर गुरुवारी होता, त्याच्या आत. दोघांनी मागणी केली की फैसला होईपर्यंत लेझरला स्टे असावा, आणि नलिनीनं आरशात बघून दोन वेळा मलम लावायचं तेही थांबवावं, कारण पुरावा नष्ट होतो. श्रुतीनं फोनवरून सांगितलं, “मामा, मलम बंद होणार नाही. आणि कोणी आईच्या गालाला हात लावायचा नाही. टेप लावायचा तर वीतभर लांबून लावा.”

सोमवारी नलिनीचं मौन असतं हे तारीख देताना कोणाच्याच ध्यानात आलं नाही. ध्यानात आलं ते दोघे बसल्यावर.

“बाई, तूच सांग, कोणाची?” भाऊरावांनी विचारलं. नलिनीनं ओठांवर बोट ठेवलं.

“आज तिचं मौन आहे,” विजयराव म्हणाले.

“मान त हलवता येते ना? बाई, भैय्याची होती काय?”

नलिनीनं मान हलवली, नाही.

भाऊराव उठून उभे राहिले. “पाहा! मंग माही होती?”

नलिनीनं पुन्हा मान हलवली, नाही.

 भैय्याजींचे डोळे भरून आले. “किती मोठं मन आहे माह्या बाईचं. कोणालेच दोष नाही देऊन राहिली.”

“म्हणूनच त बहीण पाहिजे,” भाऊराव म्हणाले.

मग पुरावा घेण्यात आला. विजयरावांनी कंपासपेटी काढली. भाऊरावांनी वीतभर लांबून कोनमापक धरला. रेघ इतकी पुसट होती की तिच्या समोर बॅटरी धरावी लागली. विजयरावांनी कॅलेंडरचं पान उलटून नकाशा काढला: नदी, पूल, पळसाचं झाड, दोघं कुठं उभे होते, नलिनीचं माहेर कुठं. दोघांचाही कागदावर विश्वास नव्हता. म्हणून भैय्याजींनी आणलेल्या पिशवीतला एक हिरवा संत्रा घेऊन भाऊराव गच्चीवर गेले, खालून सगळे बाजूला झाले, आणि तेव्हाची गोट कशी गेली हे त्यांनी करून दाखवलं. संत्रा अंगणाच्या भिंतीवर आपटून सरळ ओसरीत आला आणि विजयरावांच्या कपाळाला लागला.

“पाह्यलं? अजून हात आहे!” भाऊराव गच्चीवरून म्हणाले.

विजयरावांनी कपाळावर बर्फ धरला आणि त्यानंतर ते खरोखरच गणित करायला बसले. अर्धा तास गेला. पेन्सिल चालत होती. मग ती थांबली.

“एक अडचण आहे,” ते म्हणाले. “नदी आणि नलूचं घर यांच्या मधे शेठचं दुमजली घर होतं. आजही आहे. गोट त्या घरावरून गेली असेल आणि खाली उतरताना नलूच्या गालाला लागायची असेल, तर नलू जमिनीपासून बारा फूट वर पाहिजे.”

“वर म्हणजे?”

“हवेत.”

“हवेत काऊन?”

“ते गणितात येत नाही. पण बारा फूट. जमिनीवर असती तर गोट लागूच शकत नाही. आणि दुसरं म्हणजे, रेघ खालून वर गेलेली आहे. गोट वरून आली नाही. नलू वरून आली.”

भाऊरावांना हे लगेच पटलं. “म्हणजे माह्याच गोटेनं उडाली! तेवढा जोर भैय्याच्या हातात कुठी?”

“माह्या गोटेनं उडाली!” भैय्याजी ओरडले. “बारा फूट! अन् म्या तिले एवढा त्रास दिला, अन् ती मले दरवर्षी म्हणते, दुखत नाही!” त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःचे कान धरले आणि नलिनीच्या पायांशी वाकले. चौसष्ट वर्षांचा तो माणूस, धोतराचा सोगा जमिनीला लागलेला. “आता पोळ्याले चंडीपुढे दंडवत घालत जाईन. सावरगावापासून. माहं पाप बारा फूट मोठं निघालं.”

ते खरंच जातील हे नलिनीला माहीत होतं. गोटमार सोडली तशी हीही गोष्ट ते करतील, लोटांगण घालत, रस्त्यावरून, लोकांच्या हसण्यातून. तिनं देवघराकडे बघितलं. दिवा तेवत होता. सोमवारचं मौन तिनं एकतीस वर्षांत मोडलं नव्हतं, श्रुतीच्या जन्माच्या वेळीसुद्धा नाही.

“दादा, उठा.”

घरातली तिन्ही माणसं दचकली.

“गोट नव्हती. मी पेरूच्या झाडावरून पडली होती. शेजारच्यांच्या. चोरून चढली होती. आईनं गोट सांगायले सांगितलं, अन् मी सांगितलं. तुम्ही आले, तवा बी बोलली नाही.”



सगळ्यात आधी भाऊराव बोलले. “मंग माह्या गुडघ्याचं काय?”

“गुडघ्याचं डॉक्टरले दाखवा, भाऊराव,” विजयराव म्हणाले.

भाऊरावांनी थोडा विचार केला. “हे कोणी आधी सांगितलंच नाही,” असं म्हणत गुडघा धरून ते पाच वाजताच्या बसला निघून गेले.

भैय्याजी जमिनीवरच बसलेले होते. कान त्यांनी अजून सोडले नव्हते. मग एक सोडला.

“पेरू पिकले होते काय?”

“नाही दादा. कच्चेच होते.”

“कच्चे,” ते म्हणाले. “पंचेचाळीस वर्षं. कच्च्या पेरूपायी.” दुसरा कान सोडला. “मले एकदा त सांगायचं होतं.”

“सांगितलं असतं, तर भाऊ गेला असता.”

“अन् आता?”

  भैय्याजी उठले. पिशवी झटकली, उरलेले संत्रे ओट्यावर ठेवले. विजयरावांनी चहा म्हटलं, त्यांनी मान हलवली. दारापाशी जाऊन ते थांबले, पाठमोरेच.

“मले काय करावं ते समजूनच नाही राहिलं, बाई. तुह्यावर रागावू, का माह्यावर हसू. म्या येईन का नाही, ते आज नको इचारू. पण शकूले मी नाही सांगू शकत. गोटमारीले लोक बांगड्या लावत, तवा ती माह्या बाजूनं उभी राहे. दरवर्षी लुगडं घेताना आधी तुहं निवडे, मंग सोताचं. तिले म्या कोण्या तोंडानं सांगू, झाडावरून पडली होती म्हणून? तू सांग.”

“सांगीन.”

“कधी?”

“उद्या. मीच येतो सावरगावले.”

ते गेले. नलिनीनं संध्याकाळची पूजा केली. महादेवाला काय सांगितलं ते तिचं तिलाच माहीत.

मंगळवारी सकाळी श्रुतीचा फोन आला, गुरुवारच्या लेझरला किती वाजता येशील म्हणून. “तुले सांगतो उद्या,” नलिनी म्हणाली. विजयराव कपाळावर टेंगूळ घेऊन चप्पल घालायला लागले, तसं तिनं त्यांना मानेनंच नको म्हटलं. तिनं साधी पातळ साडी नेसली, मलम लावलं, छत्री घेतली. डब्यात काही घेतलं नाही, एकभुक्त होतं.

स्टँडवर पांढुर्ण्याची गाडी लागलेली होती. ती खिडकीपाशी बसली, उन्हाच्या बाजूला, कारण दुसरीकडे जागा नव्हती. कंडक्टर आला, तेव्हा तिनं पदराच्या गाठीतून पैसे काढले आणि नेहमीच्याच हळू आवाजात सांगितलं, “सावरगावच्या पुलापाशी उतरवजो, बाबा. विसरजो नको.”